मल्टिफोकल काढून साधी लेन्स : आंब्याचा एक हंगाम वापरल्यावर

देवगडला आमची हापूसची कलमं आहेत. हंगामात पेट्या भरायच्या आणि रात्रीचा टेम्पो वाशीला न्यायचा. चालवायला बहुतेक वेळा मीच. हे आधी सांगतो, कारण माझ्या तक्रारीचं मूळ यातच आहे. दिवसा दुकानात बसणाऱ्याला तीच लेन्स कदाचित छान वाटली असती.

मोतीबिंदू काढताना दोन्ही डोळ्यांत मल्टिफोकल, म्हणजे लांबचं नि जवळचं दोन्ही दाखवणारी लेन्स घातली. चष्मा सुटला हे खरं, औषधाच्या पट्टीवरची तारीखसुद्धा तशीच वाचता यायची. पण रात्री समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याभोवती कडी दिसायची. घाटात दोन ट्रक एकामागून एक आले की रस्त्याची कडच गायब. आढीत तर वेगळीच पंचाईत. तिथल्या अंधुक उजेडात फळ नीट दिसायचं, पण हिरवटावर पिवळा कुठे चढलाय ते कळेना. तपासायला गेलो की तक्त्यावर ६/६, म्हणजे तुमचं सगळं उत्तम!

या लेन्सवर एकात एक बारीक वर्तुळं असतात आणि आलेला उजेड ती लांबच्या नि जवळच्या नजरेत वाटून देतात. लांबचं बघताना जवळच्या वाट्याचा उजेड धूसर होऊन त्याच चित्रावर पसरतो. रात्री बाहुली मोठी होते आणि त्रास वाढतो. मेंदूला याची सवय व्हायला तीन ते सहा महिने लागू शकतात, म्हणून थांबलो. कडी थोडी फिकी झाली, आढीतला घोळ तसाच राहिला.

लेन्स डोळ्यातल्याच एका पातळ पिशवीत बसवलेली असते, आणि पुढे त्या पिशवीची मागची बाजू धुरकट होते, तिला जाळी म्हणतात. पहिल्या ठिकाणी उजव्या डोळ्यात 'मागे जाळी आलीय, लेसर मारू' म्हणाले. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तो थांबवला, आणि या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात मोलाचं तेच वाटतं. जाळीसाठीच्या या याग लेसरने लेन्सच्या पिशवीला मागून भोक पडतं. त्यानंतर लेन्स बदलायची म्हटली तर डोळ्यातला जेलीसारखा द्राव पुढे येऊ शकतो आणि काम फार अवघड होतं. त्यांनी आधी डोळ्यांचा कोरडेपणा, उरलेला नंबर, लेन्स मधोमध आहे का, आणि ओसीटी या स्कॅनवर डोळ्याचा मागचा पडदा, असं सगळं पाहिलं. उरलेल्या नंबरचा चष्मा काही आठवडे घालायला दिला, कारण पुष्कळांचं तेवढ्यावरच भागतं. माझं भागलं नाही.

गावात सगळ्यांचा एकच प्रश्न: "तुका दिसता मा? मगे परत कित्याक डोळो कापून घेतंस?"

बदली फक्त उजव्या डोळ्याची केली. पिशवी लेन्सच्या पायांना चिकटलेली असते. घट्ट द्राव सोडून ती सुटी करतात, लेन्स आतच कापून छोट्या छेदातून काढतात. जितका उशीर तितकी चिकट जास्त. पिशवी फाटणं, पडद्याला सूज, क्वचित पडदा सुटणं, हे धोके त्यांनी न लपवता सांगितले. कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाच्या, आतल्या पेशीही आधी मोजून घेतल्या. माझी पिशवी टिकली आणि साधी मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतराची लेन्स, तिच्यातच बसली. सुरुवातीला धुकं होतं, बराच काळ ड्रॉप्स, आणि खर्च सगळा खिशातून.

हंगाम सुरू झाला तेव्हा आढीत फरक लगेच जाणवला. फळ उचलायच्या आधीच रंग कळायला लागला. गाडी चालवताना कडी अजून दिसतात, पण ती डाव्या डोळ्याची. दोन्ही डोळे उघडे असले की उजवा ती दाबून टाकतो. पावसात काच ओली असली की मात्र तो दाबतबिबत नाही, तेव्हा मुलाला स्टिअरिंग देतो. उजव्याने जवळचं वाचता येत नाही. बिलं डाव्यावर भागतात, खतांच्या पिशवीवरची बारीक अक्षरं चष्म्याशिवाय जमत नाहीत.

डाव्यातही आता जाळी धरायला लागलीय. लेसर की बदली, हे लेसरच्या आधी ठरवायला हवं. मी लेसरच करून घेणार आहे; दिवसा बिनचष्म्याचं वाचणारा एक डोळा मला हवाय.