टर्बोची गोधडी: दोन पावसाळ्यांनंतरचे मत

माझ्या 2.2 लिटर डिझेल गाडीच्या टर्बोवर, म्हणजे इंजिनाच्या जळक्या वायूने फिरून इंजिनात जास्त हवा दाबणाऱ्या यंत्रावर, उष्णता अडवणारे मूळचे पत्र्याचे हीट शील्ड होते. एका दुरुस्तीच्या वेळी त्याचा गंजलेला बोल्ट तुटला, शील्ड बाजूला ठेवले गेले आणि ते पुन्हा बसलेच नाही. वर्षभरात त्याचे परिणाम दिसू लागले. टर्बोशेजारून जाणारा रबरी होज पाइप कडक होऊन त्याला बारीक चिरा पडल्या, आणि वायरिंगवरची नालीदार प्लास्टिकची नळी नुसता हात लावला तरी तुटू लागली. तेव्हा मी 4,500 रुपयांना टर्बो ब्लँकेट, म्हणजे टर्बोभोवती गुंडाळायचे उष्णतारोधक आवरण, मागवले. आता दोन पावसाळे आणि सुमारे 22,000 किलोमीटर झाल्यावर त्याविषयी जबाबदारीने लिहिता येईल असे वाटते.

ही वस्तू खरोखर गोधडीसारखीच थरांची आहे. बाहेर बेसाल्टच्या तंतूंचे विणलेले कापड, मध्ये सिरॅमिक तंतूंचा जाड थर, आतल्या बाजूस स्टेनलेस स्टीलची जाळी, आणि हे सगळे स्टीलच्या तारेने शिवलेले. आपला सह्याद्री ज्या काळ्या कातळाचा आहे, त्याच जातीचा दगड वितळवून हे बाहेरचे तंतू ओढतात. हे कापड साधारण 650 अंश सेल्सिअसपर्यंतच भरवशाचे असते, तर डिझेल इंजिनातून टर्बोत शिरणारा वायू भार असताना 700 अंशांच्या पुढे जाऊ शकतो, आणि पेट्रोल टर्बोमध्ये तर तो 950 अंशांपर्यंत पोहोचतो. म्हणून खरी मदार आतल्या सिरॅमिक थरावर आहे. बाजारात नुसत्या काचतंतूंची रंगवलेली स्वस्त ब्लँकेटेही मिळतात, पण ती घेऊ नयेत, कारण साधा काचतंतू 550 अंशांच्या आसपासच दुबळा होतो.

टर्बोला झाकणे इतके परिणामकारक का ठरते, हे समजून घेण्यासारखे आहे. तापलेला धातू जी उष्णता प्रारणाने बाहेर टाकतो, ती निरपेक्ष तापमानाच्या (म्हणजे उणे 273 अंशांपासून मोजलेल्या तापमानाच्या) चौथ्या घाताने वाढते. त्यामुळे पृष्ठभाग 300 अंशांवरून 600 अंशांवर गेला, की उत्सर्जन दुप्पट होत नाही, ते पाचपटीहून अधिक होते. ही उष्णता वाऱ्याची वाट न पाहता समोरच्या रबरावर आणि प्लास्टिकवर थेट पडते. घाट चढताना गाडीचा वेग कमी आणि भार जास्त असतो, म्हणजे आत ताप सर्वाधिक आणि बॉनेटखाली वारा सर्वांत कमी, आणि नेमके तेव्हाच नुकसान होते.

म्हणून मी चाचणीसाठी वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट निवडला. एप्रिलमधल्या दोन रविवारी, दुपारी त्याच वेळेला, तितकेच सामान भरून, एकदा ब्लँकेटशिवाय आणि एकदा ब्लँकेटसह घाट चढलो, आणि वर पोहोचताच बॉनेट उघडून लेझर थर्मामीटरने मोजणी केली. टर्बोसमोरच्या काळ्या प्लास्टिक झाकणाचे तापमान पहिल्या वेळी 104 अंश भरले, दुसऱ्या वेळी 81. खुद्द ब्लँकेटवरचा आकडा मी मुद्दाम देत नाही, कारण हे उपकरण पृष्ठभागाप्रमाणे चुकू शकते, चकचकीत धातूवर तर ते प्रत्यक्षाहून कमी तापमान दाखवते, आणि विक्रेत्यांच्या जाहिरातींतले डोळे दिपवणारे आकडे पाहताना वाचकांनीही ही गोष्ट ध्यानात ठेवावी. शेजारच्या वस्तूंवर किती ताप पडतो, तोच आकडा खरा उपयोगाचा. ताकद वाढल्याचे मात्र मला कुठेही जाणवले नाही. वायूतली उष्णता टिकली तर टर्बाइनला (टर्बोतल्या, वायूने फिरणाऱ्या चाकाला) अधिक ऊर्जा मिळते हे तत्त्वतः बरोबर आहे, पण नेहमीच्या रस्त्यावरच्या गाडीत त्या आशेने हे ब्लँकेट घेऊ नये.

बसवणीत मात्र मोठी अडचण आली. ब्लँकेट ‘सर्व टर्बोंना चालेल’ अशा मापाचे होते, आणि माझ्या टर्बोत वायूची वाट कमीजास्त करणाऱ्या हलत्या पात्यांची रचना असल्याने तिचा छोटा लिव्हर बाहेरून हलतो. ब्लँकेटची कड त्या लिव्हरला घासू लागली, तिसऱ्याच दिवशी चेक इंजिनचा दिवा लागला आणि गाडीची ओढ गेली. गॅरेजमधल्या मिस्त्रींनी कड दुमडून तारेने पुन्हा शिवली आणि मला बजावले, “साहेब, फक्त गरम बाजू झाका. मधला भाग उघडाच राहू द्या.” गरम बाजू म्हणजे इंजिनाचा जळका वायू जिथे शिरतो तो भाग. हा सल्ला लाखमोलाचा आहे. मधल्या भागात तेलाच्या पातळ थरावर मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारा दांडा असतो. तो भागही झाकला, तर इंजिन बंद केल्यावर कोंडलेल्या उष्णतेने तिथले तेल जळून त्याची काजळी धरते आणि बेअरिंग जाते. गरम बाजू एकटीच झाकली तरी ती पूर्वीपेक्षा हळू निवते, म्हणून घाट चढून आल्यावर मी इंजिन दोन मिनिटे मंद चालू ठेवूनच बंद करतो.

पहिल्या अर्ध्या तासात धूर आणि उग्र वास येतो. तो तंतूंवरच्या चिकट लेपाचा असल्याने घाबरू नये, पण गाडी उघड्यावर उभी करावी. ब्लँकेट हाताळताना हातमोजे आणि मास्क हवाच, कारण सिरॅमिक तंतूंना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत गणले आहे. जुने ब्लँकेट सोडवताना तंतू ठिसूळ झालेले असतात, त्यामुळे तेव्हा अधिकच जपावे.

दोन पावसाळ्यांत कापड शाबूत राहिले, पण सोबत आलेल्या स्प्रिंगा पहिल्याच पावसाळ्यात गंजून तुटल्या. या किमतीत ही कसर अक्षम्य आहे. मी त्यांच्या जागी स्टेनलेस तार वापरली. पाणी साचलेल्या रस्त्यातून गेल्यावर ब्लँकेट ओलावा धरून ठेवते आणि आतल्या बिडाच्या कवचावर गंज चढतो, म्हणून पावसाळ्यानंतर ते एकदा सोडवून पाहावे. सर्वांत मोठा धोका तेलाचा आहे. टर्बोच्या तेलनळीला किंचितही गळती असेल, तर ब्लँकेट ते तेल वातीसारखे शोषून घेते आणि आग लागू शकते. आधी गळती काढावी, मगच ब्लँकेट बसवावे.

ज्यांचे मूळ हीट शील्ड जागेवर आहे, त्यांनी हा खर्च करू नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि गाडी वॉरंटीत असेल तर मुळीच करू नये. ज्यांचे शील्ड माझ्यासारखे गेले आहे, त्यांनी प्रथम मूळ सुट्या भागाची चौकशी करावी. तो मिळत नसेल, तर आपल्याच टर्बोच्या मापाने शिवलेले ब्लँकेट हजार रुपये जास्त देऊनही घ्यावे. माझा नवा होज पाइप दीड वर्षानंतरही बोटाने दाबला तर मऊ लागतो.