अंबाझरीजवळची गाडी: चणा द्रोणभर, पोहे मूठभर

एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर सांगणारी तपासणी, ६.१ टक्के आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली नाही. रोज चाला आणि भात-पोहे आवरा म्हणाल्या. नागपुरात राहून पोहे आवरा, सांगायला काय जाते! तेव्हापासून अंबाझरी तलावाकडून फिरून येताना लागणारी ही गाडी धरली आहे.

तर्री-पोह्यात चणा असतोच, पण नावापुरता. इथे उलटं मागता येतं. भाऊ द्रोणभर चणा-मटकी घालतो, वर मूठभर पोहे, कांदा, सांबार (म्हणजे कोथिंबीर), लिंबू. "काकाजी, तर्री टाकू काय?" हे आधी विचारतो, ते फार बरं. मी वेगळ्या वाटीत घेतो, कारण तेल आणि मीठ दोन्ही सढळ असतं. चणा रात्रभर भिजलेला, बोटाने दाबला की फुटतो पण गिचका होत नाही. मटकीचे मोड बारीक, आंबूस वास अजिबात नाही. थंडीत पोपटाचे, म्हणजे वालाच्या शेंगांचे, दाणे मिळतात, ते चुकवू नका. बरबटी (चवळी) मात्र कधीकधी कच्ची राहते, मग दुपारपर्यंत पोट कुरकुरतं.

कडधान्यं सावकाश पचतात, तंतू आणि प्रथिनं भरपूर, म्हणून साखर पोह्यांसारखी झपकन चढत नाही. पण त्यावर मूठभर शेव आणि शेजारच्या टपरीवरचा गोड चहा घेणारेही रोज दिसतात. मी खाऊन आणखी एक चक्कर मारतो. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. नुसतं चणे खाऊन भागत नाही. २००६ मध्ये आलेल्या भारतीय अभ्यासात अशाच उंबरठ्यावरच्या लोकांना तीन वर्षं पाहिलं होतं. नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के मधुमेही झाले, आहार-व्यायाम नेटाने करवून घेतलेल्यांपैकी ३९ टक्के. म्हणजे खात्री नाही, पण फरक चांगलाच.

प्लेट ४० रुपयांची, साध्या पोह्यांपेक्षा १० जास्त. बसायला जागा नाही, कचऱ्याचा डबा भरून वाहतो. एक तारा त्यासाठी कापला: पाचपैकी चार. रविवारी साडेआठनंतर नुसते पोहेच उरतात. घरी न्यायचं असेल तर स्वतःचा डबा न्या, पन्नीत मटकीला घाम सुटतो.