मासिक पाळीचा कप : वापर, मोजमाप आणि काही हरकती

गोव्यात फोंड्यातील औषधांच्या दुकानांत मेन्स्ट्रुअल कप, म्हणजे पाळीचे रक्त साठवण्यासाठी योनीमार्गात बसवायचा कप, आता मागितला की मिळतो. किंमत साधारण ३०० ते ५०० रुपये. हे परीक्षण अशाच एका भारतीय बनावटीच्या, वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनच्या, मध्यम आकाराच्या कपाचे आहे. बाजारातील बहुतेक कप एकाच घडणीचे असल्यामुळे यातले बरेचसे इतर कपांनाही लागू पडेल. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर मी तो घेतला आणि त्यानंतर पॅड विकत आणलेले नाहीत. गळती होत नाही, पैसे वाचतात आणि कचरा होत नाही, हे तीन गुण खोक्यावर ठळक छापलेले आहेत आणि तिन्ही बऱ्याच अंशी खरे आहेत. मला मात्र त्याचा सर्वांत मोठा गुण वेगळाच वाटतो आणि त्याविषयी खोक्यावर एक अक्षरही नाही. दर महिन्याला आपल्या अंगावरून नेमके किती जाते, हे बाईला या कपामुळे मोजून कळते.

आधी वापराविषयी. कप घंटेच्या आकाराचा असतो. त्याची कड दोन बोटांत दाबून घडी घालायची, ती आत सरकवायची आणि आत गेल्यावर उलगडू द्यायची. घडी पुरती उलगडली की नाही, हे कपाच्या तळाभोवती बोट फिरवून पाहावे लागते. कुठे दुमड राहिली असेल तर तिथूनच गळते, आणि सुरुवातीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ तेवढेच असते. काढताना नुसती तळाची दांडी ओढू नये. तळाला चिमटा घेऊन आतली हवेची पकड सोडवावी आणि मग कप सावकाश खाली घ्यावा. हात बसायला दोन-तीन पाळ्या लागतात, म्हणून पहिला प्रयोग कामावर जाण्याच्या घाईत न करता सुट्टीच्या दिवशी घरी करावा. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. कपाची गळती इतर साधनांइतकीच किंवा त्याहून कमी असते, असे त्यात आढळले; वापरून पाहिलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के जणींनी तो पुढेही वापरायची तयारी दाखवली होती.

गोव्याच्या हवेत या कपाची खरी किंमत कळते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत हवा इतकी दमट असते की पॅडचा प्लास्टिकचा थर मांडीला चिकटून बसतो, आणि भरलेल्या कदंब बसमधून उभ्याने पणजी गाठेपर्यंत कातडी सोलवटून निघते. कापडी घड्या वापरणाऱ्या बायकांची अडचण तर आणखी मोठी, कारण त्या उन्हात वाळवायच्या म्हटल्या तर आठवडा-आठवडा ऊनच पडत नाही, आणि ओलसर राहिलेली घडी पुन्हा वापरली की खाज आणि जंतुसंसर्ग सुरू होतो. कप धुऊन, पुसून लगेच वापरता येतो. तो ८ ते १२ तास आत राहू शकतो, त्यामुळे सत्तरीत काजूच्या हंगामात दिवसभर डोंगरावर बोंडू वेचणाऱ्या किंवा किनाऱ्यावरच्या हॉटेलात उभ्याने कामाची पाळी भरणाऱ्या बाईला मधे शौचालय शोधण्याची गरज बहुधा पडत नाही. स्राव जास्त असेल तर मात्र तो लवकर रिकामा करावा लागतो, आणि त्यासाठी हात धुवायला स्वच्छ पाणी हवे, ही अट सुटत नाही. आमच्या भागात मुसळधार पावसात विहिरीचे पाणी गढूळ होते. अशा दिवसांत मी कप उकळून गार केलेल्या पाण्यानेच धुते.

स्वच्छतेची रीत सोपी आहे, पण ती अंगवळणी पडली पाहिजे. प्रत्येक पाळीच्या आधी आणि नंतर कप पाच मिनिटे पाण्यात उकळावा. भांड्यात पाणी भरपूर असावे, कप त्यात पुरता बुडालेला राहिला पाहिजे. पाणी आटून तो भांड्याच्या तापलेल्या तळाला लागला तर सिलिकॉन खराब होते. कडेखाली हवेसाठी बारीक छिद्रे असतात आणि ती हमखास बुजतात. कप पाण्याने काठोकाठ भरावा, तोंडावर तळहात घट्ट धरावा आणि कप दाबावा, म्हणजे छिद्रांतून पाण्याच्या बारीक चिळकांड्या उडतात आणि ती मोकळी होतात. वास नसलेला सौम्य साबण पुरतो. जंतुनाशक द्रावण वापरू नये, त्याने आतल्या नाजूक त्वचेची आग होते.

उकळण्याचा प्रश्न आपल्याकडे स्वयंपाकघराशी येऊन थांबतो. पाळीत बाजूला बसण्याची रीत काही घरांत अजून पाळली जाते आणि त्या घरांतली सून गॅसवर कप उकळणार तरी कशी? आमच्याकडे सासूबाईंशी सरळ बोलून त्यासाठी एक लहान टोप वेगळा काढला, त्याला दुसऱ्या कशासाठीही हात लावायचा नाही असे ठरले, आणि पाळी येण्याच्या सुमारास आदल्या दिवशीच कप उकळून ठेवण्याची पद्धत पडली. त्यांनी फारसे आढेवेढे घेतले नाहीत. जिथे एवढेही शक्य नसेल तिथे विजेवर चालणारी वाफेची छोटी डबी मिळते, ती खोलीत ठेवता येते.

आता मोजमापाकडे येते. पॅडवरून अंदाज फसवा असतो. कोणी थोडा भिजला की बदलते, तर कोणी पुरता भिजेपर्यंत थांबते, त्यामुळे ‘दिवसाला चार पॅड’ या उत्तरातून डॉक्टरांनाही फार काही कळत नाही. मी घेतलेल्या कपावर आतून वळी आहेत, पण आकडे नाहीत, हा त्यातला मोठा दोष आहे. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचे मापाचे टोपण घेऊन मी कपात पाणी ओतले आणि कोणत्या वळीशी किती मिलिलिटर होतात हे एकदा ठरवून घेतले. कप रिकामा करताना नजर टाकायची आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकटीत आकडा टिपायचा, एवढेच काम उरते. एका पाळीत सर्वसाधारणपणे ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते आणि ८० मिलिलिटरच्या वर गेले तर तो अतिरक्तस्राव, असे वैद्यकशास्त्र मानत आले आहे. कपात जमते ते सगळे रक्त नसते, त्यात गर्भाशयाच्या अस्तराचा आणि इतर स्रावांचाही बराच वाटा असतो, त्यामुळे दिनदर्शिकेतली बेरीज हे निदान समजू नये. शिवाय डॉक्टर आता केवळ आकड्यावर जात नाहीत. स्रावामुळे रोजचे जगणे अडत असेल तर तेवढ्यावरूनही उपचार सुरू करतात. पण महिन्यामागून महिना तुलना करता येते आणि बदल झाला तर तो लगेच ध्यानात येतो.

माझ्या वहिनीच्या बाबतीत नेमके हेच घडले. दोन मुलांनंतर तिची पाळी वाढत गेली होती आणि घरातल्या सगळ्याच बायकांची अशीच असते, असे ती समजून चालली होती. जिना चढताना लागणारी धाप, गळणारे केस, संध्याकाळी उभे राहवेनासे होणे, हे सारे तिने कामाच्या माथी मारले. कप वापरू लागल्यावर पहिल्याच पाळीची बेरीज ८० च्या खूप वर गेली, पुढच्याही वेळी तसेच झाले, तेव्हा ती वही घेऊन डॉक्टरकडे गेली. हिमोग्लोबिन ८ च्या घरात निघाले. गरोदर नसलेल्या स्त्रीत ते १२ च्या खाली असेल तर रक्तक्षय मानतात. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी दिसल्या आणि उपचार सुरू झाले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी देशात ५७ टक्के आणि गोव्यात सुमारे ३९ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले होते. एरवी सुशिक्षित आणि सुस्थितीतल्या आपल्या राज्यात दहातल्या जवळपास चारजणी! तांबडी भाजी आणि नाचणीचे तिजण आपल्या ताटात असते हे चांगलेच आहे, पण दर महिन्याला जाणारे रक्त इतके असेल तर नुसत्या आहाराने ते भरून निघत नाही. लोहाची गोळी घेणाऱ्यांनी तिच्या मागेपुढे तासभर तरी चहा टाळावा, कारण चहाने लोह पुरते अंगी लागत नाही. लिंबू किंवा आवळा सोबत असला तर ते अधिक लागते.

हरकती स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. खोक्यातील माहितीपत्रक केवळ इंग्रजीत आहे आणि अक्षर इतके बारीक की चष्मा असूनही नीट वाचता येत नाही. तांबी बसवलेल्या बाईने कप घ्यावा की नाही, याचा त्यात उल्लेखसुद्धा नाही. कप काढताना तांबीचा दोरा ओढला जाऊन ती सरकण्याची शक्यता असते, त्यामुळे अशा बाईने आधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. बाळंतपणानंतर सहा आठवडे आणि योनीमार्गात जंतुसंसर्ग असताना कप वापरू नये. टॉक्सिक शॉक सिंड्रोम हा गंभीर आजार कपामुळे झाल्याच्या घटना फार थोड्या असल्या, तरी नोंदलेल्या आहेत. कप आत असताना अचानक ताप, उलट्या, अंगावर लाली किंवा चक्कर आली तर तो तत्काळ काढून दवाखाना गाठावा. अविवाहित मुलींच्या आया योनिपटलाविषयी कुजबुजत विचारतात. कपाने ते ताणले किंवा फाटले जाऊ शकते, आणि त्याचा मुलीच्या चारित्र्याशी काडीचाही संबंध नाही. तरीही मुलीला स्वतःला संकोच वाटत असेल तर तिच्यावर सक्ती करू नये. डिचोली तालुक्यात पिळगावच्या बचत गटाने पाइन लाकडाच्या कागदापासून विघटन होणारे ‘सखी’ पॅड बनवले आहेत. अशा मुलींसाठी तो चांगला पर्याय आहे.

खर्चाचा हिशेब थोडक्यात होतो. महिन्याला १२ पॅड धरले तर वर्षाला १४४ होतात आणि ८ रुपयांच्या दराने ११५२ रुपये लागतात. कप नीट जपला तर काही वर्षे, काही कंपन्यांच्या म्हणण्यानुसार दहा वर्षांपर्यंतही टिकतो. गावाकडे सेप्टिक टाकीत पॅड टाकून ती तुंबवण्याचे किंवा परसात जाळण्याचे प्रकारही त्याने थांबतात.

आकार निवडताना दुकानदार बहुधा बाळंतपण झाले आहे का, एवढेच विचारतो. तेवढे पुरेसे नाही. पाळीच्या दिवसांत स्वच्छ हाताने बोट आत घालून गर्भाशयाचे मुख किती वर लागते ते पाहावे. ते बोटाच्या पहिल्या पेरापाशीच लागत असेल तर आखूड कप घ्यावा, नाहीतर दांडी बाहेर टोचत राहते. स्राव जास्त असणाऱ्या बाईने २५ ते ३० मिलिलिटर मावणारा, आणि मिळाला तर आकडे छापलेला कप मागावा. उघडलेले खोके दुकानात परत घेत नाहीत, म्हणून हे सारे घरी पाहूनच खरेदीला जावे.