नव्या गोधडीची पहिली धुलाई आणि रंग शोषणारे कागद

हाताने शिवलेली गोधडी पुरी झाली, काठाचा गोट बसला, शेवटची गाठ मारून झाली, की ती तशीच पांघरायला घ्यावी की आधी धुवावी, यावर शिवणाऱ्यांमध्ये सरळ दोन पक्ष आहेत. एका पक्षाला कोऱ्या कापडाचा ताठपणा आणि झळाळी प्रिय असते, शिवाय पाणी लागताच एखाद्या तुकड्याचा रंग शेजारच्या तुकड्यात उतरेल आणि कित्येक महिन्यांचे काम वाया जाईल, ही धास्ती असते. दुसरा पक्ष धुतल्याशिवाय गोधडी घराबाहेर पाठवत नाही. माझे मत दुसऱ्या पक्षाचे आहे. गोव्यात राहणाऱ्यांनी तर नव्या कापडाची गोधडी धुऊनच वापरावी, असे मी आग्रहाने सांगेन. मात्र रंगाची धास्ती खोटी नाही, आणि तिच्यावरचा उपाय म्हणून जे ‘कलर कॅचर’ कागद विकले जातात, ते मी गोधड्यांच्या पहिल्या धुलाईला वापरते आहे. दोन निरनिराळ्या कंपन्यांचे कागद वापरूनही मला त्यांच्यात फरक जाणवला नाही, म्हणून कोणत्याही एका नावाविषयी न लिहिता या वस्तूविषयीच लिहीत आहे.

वस्तू साधी आहे. हाताच्या पंज्याहून थोडा मोठा, दिसायला जाड टिश्यू पेपरसारखा, पण पाण्यात न फाटणारा पांढरा तुकडा. तो कपड्यांबरोबर यंत्रात टाकायचा आणि धुऊन झाल्यावर फेकून द्यायचा. सुती कापडासाठी वापरल्या जाणाऱ्या बहुतेक रंगांचे कण पाण्यात ऋण भार घेऊन फिरतात. या कागदावर धन भाराच्या रसायनाची प्रक्रिया केलेली असते, त्यामुळे पाण्यात सुटलेला रंग दुसऱ्या कापडावर बसण्याआधी कागदाकडे ओढला जातो आणि तिथेच अडकतो. कापडातला रंग पक्का करण्याचे काम हा कागद करत नाही. वेष्टनावरच्या मोठ्या अक्षरांतून तसा समज होऊ शकतो, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे.

आता मुळात धुवायचे कशासाठी, ते पाहू. दुकानातून आणलेल्या कोऱ्या सुती कापडाला खळ असते. ती कापताना आणि शिवताना उपयोगी पडते, पण गोधडी कपाटात गेल्यावर तीच खळ कसरीचे खाद्य होते. आपल्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस सुरू होतो आणि सप्टेंबर संपेपर्यंत सुमारे ३००० मिलिमीटरच्या घरात पडतो. त्या चार महिन्यांत चिऱ्याच्या भिंतींच्या घरातले कपाट आतून किती दमट होते आणि चामड्याच्या चपलांवरही बुरशी कशी चढते, हे गोव्यातल्या वाचकांना सांगायला नको. खळ असलेल्या जाड, तीन पदरी कापडावर त्या बुरशीने ठिपके पाडले, तर ते पुढे जन्मभर निघत नाहीत. त्याशिवाय शिवणारीच्या हाताचे तेल आणि घाम महिनोन्‌महिने त्या कापडात मुरलेले असतात. ते आज दिसत नाहीत, पण वर्षभराने पिवळट होऊन उमटतात. बारशाला द्यायची दुपटी आणि लहान गोधड्या तर धुतल्याशिवाय देऊच नयेत, कारण कापडाला सुरकुती पडू नये म्हणून गिरण्यांत काय काय चोपडलेले असते, ते बाळाच्या अंगाला लागू देण्यात शहाणपण नाही.

आखणीच्या खुणा हेही धुण्याचे एक कारण आहे. शिंप्याचा खडू झटकून जातो. पाण्याने पुसली जाणारी निळी पेने मात्र फसवी असतात. त्यांची रेघ साध्या थंड पाण्याने जाते, पण त्याआधी तिच्यावरून गरम इस्त्री फिरली, तर ती कायमची बसू शकते. म्हणून त्या पेनाने आखलेली गोधडी आधी नुसत्या थंड पाण्यात बुडवून खुणा पूर्ण घालवाव्यात आणि मगच साबणाचा विचार करावा.

धुऊ नये अशाही गोधड्या असतात. रेशमी तुकड्यांची, जरीच्या काठांची किंवा भिंतीवर लावण्यासाठीच केलेली गोधडी पाण्यात घालू नये. आजीच्या विरलेल्या लुगड्यांची वाकळ शिवली असेल, तर तिथे खळीचा किंवा रंगाचा प्रश्नच नसतो, कारण त्या कापडाने अंगावर असताना कित्येक वर्षे विहिरीचे पाणी पाहिलेले असते. कर्नाटकातल्या हल्याळ, यल्लापूर भागातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया जुन्या कपड्यांचे तुकडे कडेकडून आत शिवत आणून ज्या कवंदी, म्हणजे गोधड्या, बनवतात, त्यांचीही गोष्ट अशीच आहे. अशा कामासाठी हे कागद विकत घेणे म्हणजे निव्वळ खर्च. त्यांची खरी गरज पडते ती नवे कापड, आत घातलेले नवे भरण आणि गडद रंगाशेजारी पांढरा, अशा आजच्या पद्धतीच्या गोधडीला.

मी ज्या गोधडीवर या कागदाची नीट पारख केली, तिच्यात कुणबी पद्धतीच्या लाल चौकड्याचे नवे कापड आणि पांढरी मलमल शेजारीशेजारी होती, म्हणजे रंगाच्या दृष्टीने सर्वांत अवघड जोडी. शिवण्याआधी लाल कापड दोनदा धुतले होते. तरीही पुऱ्या झालेल्या गोधडीच्या कोपऱ्यावर ओला पांढरा रुमाल ठेवून दाबला, तेव्हा रुमालावर फिकट गुलाबी छटा आली. ही रुमालाची चाचणी प्रत्येक गडद तुकड्यावर करावी, असे मी म्हणेन, कारण रंगाऱ्याने एकाच दिवशी रंगवलेल्या दोन ठाणांतही फरक निघतो. त्यानंतर समोरून उघडणाऱ्या यंत्रात, नाजूक कपड्यांच्या फेऱ्यावर, थंड पाण्यात, सोडा नसलेला द्रव साबण बेताने घालून आणि दोन कागद टाकून गोधडी धुतली. फेरा संपल्याबरोबर दार उघडले. एक कागद सर्वत्र सारखा गुलाबी झाला होता आणि दुसरा, गोधडीच्या घडीत अडकून राहिलेला, एका बाजूला गुलाबी आणि दुसऱ्या बाजूला जवळपास पांढराच होता. मलमल स्वच्छ होती. लाल आणि पांढऱ्याच्या मधली शिवण नखाने उकलून पाहिली, तर आतल्या दाबाच्या कापडावरही डाग नव्हता. दुसऱ्या धुलाईला टाकलेला कागद अगदी फिका गुलाबी निघाला, तिसऱ्या धुलाईचा पांढरा. त्या पांढऱ्या कागदामुळे मला जी निश्चिंती मिळाली, तीच या वस्तूची माझ्या लेखी खरी किंमत आहे. किती रंग अजून सुटतो आहे आणि सुटायचा थांबला केव्हा, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे साधन घरात नसते.

परंतु घडीत अडकलेला तो दुसरा कागद या वस्तूची मर्यादाही दाखवतो. कागद पाण्यात तरंगणारा रंग पकडतो. ओला लाल तुकडा ओल्या पांढऱ्या तुकड्याला चिकटून पडून राहिला, तर रंग पाण्यात न येताच एकातून दुसऱ्यात जातो आणि तिथे कागदाचे काही चालत नाही. म्हणून धुतलेली गोधडी यंत्रात तासभर तशीच ठेवणे हा सर्वांत मोठा धोका आहे, आणि यंत्रात गोधडीला हलायला जागा व भरपूर पाणी असणे हे कागदाइतकेच महत्त्वाचे आहे. इंडिगोने रंगवलेल्या कापडाच्या बाबतीत तर मी या कागदावर विसंबणार नाही. इंडिगो पाण्यात विरघळत नाही, तो घासून सुटतो, त्यामुळे तसे कापड शिवण्याआधीच वेगळे आणि वारंवार धुऊन घ्यावे. कागद पूर्ण गडद होऊन बाहेर आला, तर त्याची शोषण्याची क्षमता संपली असे समजावे. अशा वेळी गोधडी वाळवू नये. ती लगेच भरपूर पाण्यात साबण घालून पूर्ण बुडवावी, पाणी रंगले की बदलावे, आणि नवा कागद घालून पुन्हा धुवावी. वाळलेला आणि वरून इस्त्री झालेला डाग काढणे फार कठीण जाते, ओला डाग बहुतेक वेळा निघतो.

इथे मीठ, तुरटी आणि व्हिनेगर यांविषयी लिहिणे आवश्यक वाटते, कारण कागदाचा खर्च कशाला, नवे कापड रात्रभर मिठाच्या पाण्यात घालावे, असा सल्ला घरोघरी दिला जातो. रंगवण्याच्या प्रक्रियेत मीठ रंगाला धाग्याकडे ढकलण्याचे काम करते, हे खरे आहे. पण रंगवून झालेल्या कापडात जो जादा रंग धाग्याशी बंध न जुळता नुसता अडकून राहिलेला असतो, त्याला मीठ पक्के करू शकत नाही. व्हिनेगरचा उपयोग लोकर आणि रेशमाच्या आम्लधर्मी रंगांना होतो, सुती कापडाच्या रंगांना नाही. तुरटी वनस्पतीजन्य रंग चढवताना लागते. या तिन्ही उपायांनी जो गुण आल्यासारखा वाटतो, तो मुख्यतः साध्या पाण्यात भिजवून रंग निघून गेल्याचा असतो. तो जादा रंग कापडाबाहेर काढून टाकणे हाच इलाज आहे, आणि कागद त्या कामात मदत करतो.

पहिल्या धुलाईने गोधडीचे रूप बदलते, आणि ते पुष्कळांना आवडत नाही, याचीही जाणीव ठेवावी. सुती भरण तीन ते पाच टक्के आटते, वरचे कापड आधी धुतलेले असेल तर ते तितके आटत नाही, आणि त्यामुळे धावदोऱ्याच्या दोन ओळींमधले कापड फुगून बारीक सुरकुत्या पडतात. पॉलिएस्टरचे भरण जवळजवळ आटत नाही, म्हणून तिथे हे फारसे घडत नाही. मला स्वतःला त्या सुरकुत्या मनापासून आवडतात. टाका कापडात रुततो, यंत्राच्या सुईने पाडलेली छिद्रे पाणी लागताच मिटतात, एखादा टाका थोडा मागेपुढे पडलेला असला तरी डोळ्यांना खटकत नाही, आणि हाताला जो ताठपणा लागत होता तो जाऊन गोधडी अंगाशी बसते. न धुतलेल्या गोधडीला पांघरुणाचे हे सुख येत नाही, असे मी अनुभवाने सांगते.

पाण्याविषयी एक सूचना. विहिरीच्या पाण्यात लोह असेल, तर पांढऱ्या कापडावर पिवळट तांबूस झाक येते आणि हा कागद ती थांबवत नाही. तशा पाण्यात क्लोरीनचे ब्लीच घातले तर डाग आणखी गडद होतात, म्हणून गोधडीसाठी नळाचे पाणी वापरावे. वाळवणीसाठी दोरी टाळावी. भिजलेल्या गोधडीचे सगळे वजन एका रेघेवर येते आणि तिथले टाके ताणले जातात. अंगणात चटईवर जुनी चादर अंथरून, सावलीत, मधूनमधून उलटत वाळवावी. हे काम मे महिन्याच्या मध्यापर्यंत उरकावे, नाहीतर ऑक्टोबरच्या उन्हाची वाट पाहावी. पावसात धुतलेली जाड गोधडी वरून कोरडी लागते आणि आतले भरण ओले राहून कुबट वास धरते, आणि मग ज्या बुरशीपासून वाचवण्यासाठी ती धुतली, तीच आत वाढते.

किमतीचे म्हणाल, तर रोजच्या कपड्यांसाठी हे कागद मला महाग वाटतात आणि त्यांची तिथे गरजही नाही. लाल, मरून, काळा किंवा गडद निळा रंग पांढऱ्याशेजारी असलेल्या नव्या गोधडीच्या पहिल्या दोन-तीन धुलाईंपुरते मात्र ते घ्यावेत, आणि एका मोठ्या गोधडीला एक पुरेल असे न धरता दोन टाकावेत. बाळाच्या लहान गोधडीला अर्धा कागद कापून टाकला तरी चालतो, त्याने काम तितकेच झालेले मी पाहिले आहे. फोंड्याच्या मोठ्या दुकानांत ते कधी असतात, कधी नसतात, त्यामुळे मी ऑनलाइन मागवून ठेवते. गोधडी भेट म्हणून देताना ती किती वेळा धुतली आहे हे लिहून, सोबत एक कागद घडीत ठेवून देते, कारण घेणारी व्यक्ती पुढची धुलाई कोणत्या पाण्यात आणि कोणत्या कपड्यांबरोबर करील, ते आपल्या हाती नसते.