मालदीव की मॉरिशस? एका वर्षाच्या अभ्यासासाठी कोणता देश घ्यावा

राज्यशास्त्राच्या प्रबंधासाठी ‘एका छोट्या देशाचं २०२४ हे वर्ष’ असा विषय घ्यायचा म्हटलं, की हिंदी महासागरातले हे दोन देश समोर येतात. मराठी विद्यार्थ्याला ओढ वाटणार मॉरिशसची. तिथं मराठी समाज आहे, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. तरीही माझं मत मालदीवला.

कारण मालदीवमध्ये राजकारण, तिजोरी आणि परराष्ट्र धोरण एकाच वर्षात एकमेकांत अडकलेलं दिसतं. ‘इंडिया आउट’च्या, म्हणजे भारतीय सैनिकांना देशाबाहेर काढण्याच्या घोषणेवर निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू जानेवारीत चीनला गेले. त्याच सुमारास पंतप्रधान मोदींवर शेरेबाजी केल्याबद्दल तिथले तीन उपमंत्री निलंबित झाले. एप्रिलमध्ये मुइझ्झूंच्या पक्षाने ९३ जागांच्या संसदेत दोन तृतीयांशाहून मोठं बहुमत मिळवलं आणि १० मेपर्यंत भारतीय सैनिक परतले. भारताने दिलेली हेलिकॉप्टरं आणि विमान मात्र तिथंच राहिलं, फक्त ते चालवायला सैनिकांऐवजी भारतीयच तंत्रज्ञ आले!

इथवर सगळं घोषणेबरहुकूम. पण डॉलर आटत चालले होते. पर्यटक वर्षभरात २० लाखांवर गेले, तरी अन्नापासून इंधनापर्यंत सगळं आयात करणाऱ्या देशाला ते पुरेनात. फिच या पतमानांकन संस्थेने जूनमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये देशाचं मानांकन खाली आणलं. सुकूक (इस्लामी नियमांनुसार काढलेल्या) रोख्यांचा हप्ता चुकणार, अशी धास्ती पसरली. ऑक्टोबरमध्ये तेच मुइझ्झू दिल्लीत आले आणि ४० कोटी डॉलर व ३,००० कोटी रुपयांच्या चलन अदलाबदलीचा (गरजेला भारताकडून तेवढं चलन घेता येण्याचा) करार करून गेले. संसदेत एवढं बळ असूनही त्यांना वळावं लागलं, हा प्रबंधाचा गाभा होऊ शकतो.

मॉरिशसची निवडणूक याहून रंगतदार झाली, हे कबूल. ऑक्टोबरमध्ये चोरून ध्वनिमुद्रित केलेली संभाषणं फुटली. सरकारने समाजमाध्यमांवर बंदी घातली आणि टीका होताच ती उठवली. १० नोव्हेंबरच्या मतदानात विरोधी पक्षनेते नवीन रामगुलाम यांच्या आघाडीने थेट निवडून द्यायच्या ६२ पैकी ६० जागा घेतल्या. पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ स्वतः पडले. मुख्य बेटावर असा सुपडा साफ १९८२ आणि १९९५ मध्येही झाला होता. निवडणूक पद्धतीवर लिहायचं असेल, तर मालदीव विसरा. नव्या सरकारने आधीच्यांची आर्थिक आकडेवारी फुगवलेली असल्याचा आरोप केला, त्यामुळे आर्थिक प्रकरणात कोणते आकडे धरायचे हा प्रश्न पडेल.

परराष्ट्र संबंधांत भारतापुरतं फारसं नाट्य नाही. फेब्रुवारीत मॉरिशसच्या अगालेगा बेटावर भारताने बांधलेल्या धावपट्टीचं उद्घाटन झालं, मार्चमध्ये राष्ट्रपती मुर्मू राष्ट्रीय दिनाच्या पाहुण्या होत्या, आणि सत्तांतरानंतरही जवळीक टिकली. खरा विषय चागोसचा, म्हणजे ब्रिटनच्या ताब्यातल्या आणि मॉरिशस हक्क सांगत असलेल्या बेटांचा. ३ ऑक्टोबरला ती मॉरिशसला देण्याबाबत ब्रिटनशी राजकीय सहमती जाहीर झाली, पण करारावर सह्या झाल्या मे २०२५ मध्ये. म्हणजे वर्षाची चौकट मोडते.

साधनांच्या बाबतीत पारडं मॉरिशसकडे झुकतं. तिथल्या संसदेचं कामकाज इंग्रजीत चालतं, वर्तमानपत्रांसाठी मात्र फ्रेंच हवी. मालदीवच्या संसदेत धिवेही चालते, लिपीही वेगळी. फ्रेंच येत असेल आणि मॉरिशसच घ्यायचा असेल, तर कालखंड ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ असा मांडून मार्गदर्शकांची मान्यता आधीच घ्या.