घाणेरी उपटायचा रविवार: पाचपैकी साडेतीन

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर घाणेरी (लँटाना, बाहेरून येऊन सगळीकडे पसरलेलं काटेरी झुडूप) काढायच्या श्रमदानाला मी या पावसाळ्यात चार रविवार गेले. गटाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे. फी नाही, टिकाव-कुदळी तेच देतात, शेवटी पोहे. माझं वय बासष्ट, आणि गुडघ्यांचं विचाराल तर सत्तरीच्या पुढे. तरीही जमलं.

सर्वात चांगली गोष्ट म्हणजे शिकवतात नीट. मला वाटायचं कोयता चालवला की झालं. पण वरवर छाटलेली घाणेरी पुन्हा दुप्पट जोमाने फुटते. इथे दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबू यांची पद्धत वापरतात. झुडपाखालची माती उकरायची, जमिनीखाली ३ ते ५ सेंटीमीटरवर मुख्य मूळ तोडायचं आणि सगळं झुडूप उलटं करून ठेवायचं. फांद्या खाली, मूळ वर, म्हणजे ते पुन्हा माती धरत नाही. पहिलं झुडूप उलटं पडलं तेव्हा मला लग्नातला वरपक्ष हरवल्यासारखा आनंद झाला. तिघांना मिळून एका मोठ्या जाळीला पाऊण तास लागला, हेही सांगून ठेवते.

गटातला मुलगा झाडं ओळखतो, हे फार महत्त्वाचं. मी घाणेरीबरोबर एक बारीक काटेरी वेलही ओढायला निघाले, तर तो ओरडला, "काकू, थांबा, शतावरी आहे ती!" जाळीच्या आत बाकीची बरीच झाडं जीव मुठीत धरून असतात. एका जाळीत बुलबुलाचं घरटं निघालं, ती जाळी तशीच सोडली. पटलं मला. पण याच बुलबुलांनी घाणेरीची काळी फळं खाऊन बिया टेकडीभर पेरल्यात, हा विनोद कुणाला सांगू!

आता तक्रारी. साडेसहाची वेळ, पण फलक धरून फोटो काढण्यात पंचवीस मिनिटं जातात. ऊन चढायच्या आत काम व्हावं की फोटो? दुसरी तक्रार गंभीर आहे. तिसऱ्या रविवारी काढलेला ढीग पिकल्या फळांसकट वाटेच्या कडेला तसाच टाकला. पाखरांना घरपोच जेवण. वेगळ्या गोणीत भरा म्हटलं तर "पुढच्या वेळी बघू." आणि पहिल्या रविवारी साफ केलेल्या जागेकडे परत कुणी फिरकलंच नाही. मी चौथ्या रविवारी जाऊन पाहिलं, बोटभर रोपं उगवलेली. ती हाताने उपटायला दहा मिनिटं लागली. त्यात फोटो काढण्यासारखं काही नव्हतं, एवढं मात्र खरं.

हातमोजे त्यांचे घेऊ नका. सुती, रबरी ठिपक्यांचे, घाणेरीचे काटे आरपार जातात. मी बोहरी आळीतून वेल्डिंगवाल्यांचे चामडी मोजे आणले, मनगटाच्या वर पोचणारे. पूर्ण बाह्या घालाच. गाजर गवत उपटताना माझ्या हातांवर चांगलंच पुरळ उठलं. हे तेच गवत, जे १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलं आणि अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं असं म्हणतात. त्याला फुलं येण्याआधी, माती ओली असताना काढायचं, नाहीतर एकेक झाड हजारो बिया टाकतं.

येत्या आठवड्यांत कॉसमॉसचा पिवळा-नारिंगी बहर येईल आणि सगळी टेकडी मोबाइल घेऊन त्यात उभी राहील. तेही बाहेरचंच, मेक्सिकोचं. ते उपटायची भाषा केली की लोक चिडतात. मार्चमध्ये उंदीरमारीच्या (ग्लिरिसिडियाच्या) झाडांची गुलाबी फुलं पाहून "जपानसारखं वाटतं" म्हणतात, तीही बाहेरचीच. एवढं सुंदर उपटायला माझाही हात धजत नाही, खोटं कशाला बोलू. घाणेरी निदान वासाने तरी आपला राग ओढवून घेते.

वनखात्याचं परवानगीपत्र गटाकडे आहे, मी मागून पाहिलं. तुमच्या भागात जाणार असाल तर तेवढं विचाराच. दीड गुण कापला तो ढिगासाठी आणि फोटोंसाठी. पाण्याची बाटली स्वतःची न्या. पोहे साडेनऊला संपतात, त्यानंतर फक्त चहा.