एकच खांदा, चार वर्ग: मुंबईत ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी कुठे शिकावी?

बारावी सायन्सचा निकाल लागला की बायोलॉजी मनापासून आवडणारी मुलं विचारायला येतात, "मला माणसाचं शरीर शिकायचंय, कुठे ॲडमिशन घेऊ?" घरचे तोवर मार्क आणि फी यांचा हिशेब मांडून बसलेले असतात. तो हिशेब करावाच लागतो. पण पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवताना मी सतत पाहते, की ॲनाटॉमी (शरीराची रचना) आणि फिजिऑलॉजी (शरीराचं काम) ही विषयांची नावं सगळीकडे तीच असली तरी एमबीबीएस, फिजिओथेरपी, नर्सिंग आणि फार्मसी या चार ठिकाणी शरीराबद्दल विचारले जाणारे प्रश्न फार वेगळे असतात. यातल्या कोणत्या प्रश्नात तुमचं डोकं आपसूक गुंततं, हे आधी तपासा.

त्यासाठी एकच स्नायू घेऊ: डेल्टॉइड, म्हणजे खांद्याला गोलाई देणारा.

एमबीबीएसला तो डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे मृतदेह उघडून शिकतात तिथे, भेटतो. कातडी सोलायची, चरबी बाजूला करायची, मग दिसतं की हा स्नायू कॉलरबोन आणि खांद्याच्या पात्यावरून निघून दंडाच्या हाडाला, ह्यूमरसला, चिकटलाय. तो उलटवला की मागून ॲक्सिलरी नर्व्ह ह्यूमरसच्या सर्जिकल नेकला, म्हणजे वरच्या टोकाखालच्या निमुळत्या भागाला, वळसा घालत येताना दिसते. वयस्कर बाई बाथरूममध्ये घसरून पडल्या आणि हाड नेमकं तिथे मोडलं, तर ही नर्व्ह दुखावू शकते. मग हात बाजूला उचलणं अवघड होतं आणि दंडाच्या बाहेरच्या बाजूला कातडी बधिर पडते. इथला प्रश्न आहे: कशाच्या शेजारी काय आहे, आणि इथे इजा झाली तर काय जाईल?

फिजिओथेरपीला म्हणजे बीपीटीएचला तोच स्नायू हलताना अभ्यासतात. हात कानाजवळ नेईपर्यंत साधारण १८० अंशांची हालचाल होते. त्यातली सुमारे १२० अंश खांद्याच्या सांध्यात आणि ६० अंश पातं फिरल्यामुळे. हा ताल बिघडला की पेशंट खांदा कानाकडे उचलून वेळ मारून नेतो, आणि ते डोळ्यांनी ओळखायला तुम्हाला शिकवतात. गोनिओमीटरने कोन मोजायचा, स्नायूची ताकद ० ते ५ अशी लिहायची. ३ म्हणजे हात गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पूर्ण उचलतो, पण वरून दाब दिला की खाली येतो. सराव वर्गातल्या मित्रमैत्रिणींच्या खांद्यावरच होतो. दुसऱ्या वर्षी किनेसिऑलॉजी, म्हणजे हालचालींचं शास्त्र, येते, आणि पहिल्या वर्षाची ॲनाटॉमी कच्ची राहिली असेल तर तिथे फार जड जातं.

बीएस्सी नर्सिंगमध्ये प्रश्न आहे: सुई कुठे टोचू? खांद्याच्या टोकाचं हाड, ॲक्रोमियन, बोटांनी चाचपायचं आणि त्याच्या दोन-तीन बोटं खालचा मांसल भाग निवडायचा. फार वर गेलात तर सुई सांध्याच्या बाजूला जाऊ शकते, खाली किंवा मागे गेलात तर नर्व्हचा धोका. स्नायू लहान, त्यामुळे औषधही थोडंच. समोर हाडकुळ्या आजी असतील तर मुळात स्नायू किती उरलाय, हेही बघायचं. अप्लाइड ॲनाटॉमी आणि अप्लाइड फिजिऑलॉजी पहिल्याच सेमिस्टरला असतात आणि नर्सिंग फाउंडेशनही सोबतच सुरू होतं. शिकलेलं इतक्या लवकर हाताला लागतं, असं इतर तिन्ही ठिकाणी होत नाही. ज्यांना नुसतं पाठांतर कंटाळवाणं वाटतं, त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे, आणि घरोघरी तिची दखल घेतली जात नाही याचं मला वाईट वाटतं.

बी.फार्ममध्ये डेल्टॉइडचं नाव ओझरतं येतं. खरा अभ्यास होतो तो नर्व्ह आणि स्नायू जिथे भेटतात त्या सूक्ष्म फटीचा. नर्व्हच्या टोकातून ॲसिटिलकोलीन हे रसायन सुटतं, पलीकडच्या रिसेप्टरवर बसतं, सोडियम आत शिरतं, स्नायू आकसतो. मग एक एन्झाइम ॲसिटिलकोलीन मोडून टाकतं. निओस्टिग्मिन हे औषध त्या एन्झाइमला अडवतं, म्हणून मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायू दुबळे करणाऱ्या आजारात थकलेल्या स्नायूंना त्याचा आधार मिळतो. ह्यूमन ॲनाटॉमी अँड फिजिऑलॉजी हा विषय पहिल्या दोन सेमिस्टरमध्ये संपतो खरा, पण फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधांचं शास्त्र, त्याच्याच जोरावर उभी राहते.

हे चार परिच्छेद वाचताना कुठे थांबावंसं वाटलं, ते बघा. मार्कांच्या यादीपेक्षा ते जास्त खरं सांगेल.

आता डिसेक्शनबद्दल, कारण सर्वांत जास्त भीती आणि ओढ त्याचीच असते. देह टिकवायला वापरलेल्या फॉर्मलीनने डोळे चुरचुरतात, पहिले काही दिवस जेवण जात नाही, हे बहुतेकांचं होतं आणि जातंही. महाराष्ट्रात देहदान १९४९ च्या ॲनाटॉमी कायद्याखाली होतं. बऱ्याचदा कुणाच्या तरी आईवडिलांनी स्वखुशीने दिलेला देह समोर असतो, त्यामुळे अनेक कॉलेजांत सुरुवातीला त्या देहाबद्दल आदर राखण्याची शपथ घेतात. थ्रीडी ॲपवर नर्व्ह नेहमी पिवळी आणि जागच्या जागी असते. खऱ्या देहात ती शोधावी लागते, आणि दोन देहांत ती एकसारखी नसते. ही शिकवण ॲप देऊ शकत नाही. स्वतःच्या हाताने पूर्ण देहाचं डिसेक्शन करायचंच असेल, तर एमबीबीएसचा आग्रह धरणं योग्य आहे. परळचं सेठ जीएस आणि केईएम, भायखळ्याचं १८४५ पासूनचं ग्रँट मेडिकल आणि जेजे, मुंबई सेंट्रलचं नायर, सायन, जुहूचं कूपर, ही सरकारी-पालिकेची कॉलेजं शहरातच आहेत. मात्र पहिल्या वर्षाला ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री तिन्ही एकदम असतात, आणि ते वर्ष पास व्हायला जास्तीत जास्त ४ संधी मिळतात.

बीएएमएसला, म्हणजे आयुर्वेदाच्या पदवीलाही, डिसेक्शन असतं. तिथे रचना शारीर आणि क्रिया शारीर असे विषय आहेत, आणि दोष-धातू-मल यांची मांडणी आधुनिक फिजिऑलॉजीच्या सोबत शिकावी लागते. वरळीचं पोदार हे मुंबईतलं जुनं कॉलेज. दहावीला संस्कृत घेतलेल्यांना इथे सुरुवात सोपी जाते. पण दोन्ही मांडण्यांत खरा रस नसेल, तर केवळ एमबीबीएस हुकलं म्हणून तिथे जाऊ नये.

फिजिऑलॉजीचं प्रॅक्टिकल मात्र सगळीकडे ओळखीचं वाटेल: हिमोग्लोबिन, ब्लड प्रेशर, ब्लड ग्रुप. ब्लड ग्रुपच्या स्लाइडवर अँटी-ए, अँटी-बी दोन्ही टाकून गुठळी झाली नाही की आपण 'ओ' लिहून मोकळे होतो. त्या ओमध्ये क्वचित बॉम्बे ब्लड ग्रुप दडलेला असू शकतो, जो डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली याच शहरातून जगापुढे आणला. त्या रक्तात ओ रक्ताच्या पेशींवरही असणारा एच अँटिजेनच नसतो, म्हणून साधं ओ रक्तही चालत नाही. अशा ठिकाणी ज्यांना 'असं का?' हे सोडवत नाही आणि पेशंटपेक्षा प्रयोगशाळा खुणावते, त्यांनी झूऑलॉजी किंवा लाइफ सायन्सची बीएस्सी बिनधास्त घ्यावी. तिथे माणसाचा देह समोर नसतो, पण पुढे संशोधनाचा रस्ता मोकळा असतो.

फिजिओ की नर्सिंग, या प्रश्नावर मुलं सर्वांत जास्त अडतात. एका पेशंटसोबत आठवडेच्या आठवडे तोच व्यायाम चिकाटीने करून घेणं जमत असेल, तर फिजिओ. एकाच वेळी पूर्ण वॉर्डकडे लक्ष, रात्रपाळी आणि तातडीचे निर्णय झेपत असतील, तर नर्सिंग. कल्याण-विरारहून येणार असाल, तर वॉर्ड ड्यूटीच्या वेळा आणि पहिली लोकल यांचा मेळ बसतो का, ते आधीच बघा आणि हॉस्टेलची चौकशी करा.

एमबीबीएस, बीएएमएस आणि बीपीटीएचसाठी 'नीट' ही प्रवेश परीक्षा लागते, बी.फार्मसाठी एमएचटी-सीईटीही चालते, नर्सिंगसाठी राज्याची वेगळी सीईटी आहे. हे अर्ज बारावीच्या निकालाची वाट न बघता भरावे लागतात. त्यामुळे मन पक्कं झालं नसेल, तर तिन्ही परीक्षांचे अर्ज भरून ठेवा, आणि त्या काळात ओळखीतल्या एखाद्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची जर्नल मागून घेऊन निवांत चाळा.